असुर वेगळे, राक्षस वेगळे

माझा भाचा दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहितोय. दूरच्या ग्रहावरून लढवय्यांचा एक कडवा पंथ पृथ्वीकडे निघालाय. त्यांचा देव एकेकाळी सगळ्या आकाशाचा धनी होता. दुसऱ्या देवांनी त्याला गादीवरून खाली ओढलं आणि आता तो कुठंतरी खोल अंधारात बसून आहे. त्याच्यासाठी हे लोक डोळे झाकून जीव द्यायला तयार आहेत. कल्पना मला मनापासून आवडली. पण पहिल्याच पानावर त्यानं या पंथाला नाव दिलं होतं 'राक्षसगण'. मी पेन्सिलीनं त्यावर काट मारली आणि समासात लिहिलं, 'असुर'.

"मावशी, दोन्ही एकच ना?"

एकच नाहीत. आणि नाशिकच्या मुलानं तरी हा घोळ घालू नये. आपलं पंचवटीचं सगळं माहात्म्य राक्षसांशी झालेल्या लढाईवर उभं आहे, आणि दर बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ असुरांशी झालेल्या भांडणावर. समुद्रमंथनात दोरीचं एक टोक देवांनी धरलं होतं, दुसरं असुरांनी. अमृताच्या कुंभासाठी ओढाताण झाली, थेंब सांडले, त्यातला एक इथं गोदावरीत पडला. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी सगळं शहर करतंय, ती या भांडणापायीच. त्या मंथनात राक्षस कुठंही नाहीत. तो तंटा भावाभावांतला होता, राक्षसांचा तिथं हिस्साच नव्हता.

भाऊ हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. बृहदारण्यक उपनिषदात सरळ सांगितलंय की देव आणि असुर दोघेही प्रजापतीची लेकरं, त्यात देव धाकटे आणि असुर थोरले. पुराणांनी हेच नातं कश्यपाच्या घरात आणलं. अदितीचे ते आदित्य, दितीचे ते दैत्य, दनूचे ते दानव. बाप एक, आया वेगळ्या. दैत्य आणि दानव मिळून जे होतात ते असुर.

त्याहून मागं गेलं तर आणखी नवल वाटतं. ऋग्वेदातल्या जुन्या सूक्तांत 'असुर' ही शिवी नाहीच, तो मान आहे. असु म्हणजे प्राण, आणि असुर म्हणजे ज्याच्या अंगी ते सामर्थ्य आहे असा स्वामी. वरुण असुर आहे, अग्नी असुर आहे, इंद्रालाही हे विशेषण लागलेलं आहे. तिसऱ्या मंडलात एका अख्ख्या सूक्ताचं पालुपद आहे, 'महद्देवानामसुरत्वमेकम्'. देवांचं ते एकच थोर असुरत्व! पुढं वारं फिरलं. ब्राह्मणग्रंथांच्या काळापर्यंत असुर हे देवांचे वैरी झाले, आणि मग लोकांनी शब्दाची फोड उलटीच करून टाकली. अ-सुर म्हणजे जे सुर नाहीत ते. 'सुर' हा शब्दच त्या चुकीच्या फोडीतून जन्माला आला. इराणकडच्या शाखेत याच्या बरोबर उलट घडलं. तिथं अहुर हाच परमेश्वर राहिला, अहुर मज्द, आणि 'दएव' म्हणजे आपला देव, तो सैतान ठरला. आपल्याकडची पारशी कुटुंबं आजही ज्याची प्रार्थना करतात, त्याच्या नावात आपला असुर बसलेला आहे.

भाच्याला मी म्हटलं, "तुला पदावरून खाली ओढलेला देव हवाय ना? तो शब्दच तसा आहे. बाहेरून काही आणायची गरज नाही."

राक्षसांची गोष्ट निराळी. त्यांना पद कधी नव्हतंच, त्यामुळं ते जाण्याचाही प्रश्न नाही. ऋग्वेदातला 'रक्षस्' हा रात्री हिंडणारा, यज्ञ नासवणारा, माणसाच्या अंगावर येणारा जीव. त्याला हुसकण्यासाठी अग्नीला 'रक्षोहन्' म्हणून हाक मारायची. रामायणाच्या उत्तरकांडात त्यांची जन्मकथा येते. ब्रह्मदेवानं पाणी निर्माण केलं, मग ते राखायला जीव निर्माण केले. भुकेल्या जिवांतले काही म्हणाले 'रक्षामः', आम्ही राखतो, ते राक्षस. काही म्हणाले 'यक्षामः', ते यक्ष. म्हणजे मुळात राखणदार! राक्षसांचा पुढचा वंश पुलस्त्य ऋषीला जोडला जातो. पुलस्त्याचा विश्रवा, विश्रव्याचा रावण. कुबेर त्याचा सावत्र भाऊ. देवांशी त्यांचं थोरल्या-धाकट्याचं नातं नाही आणि स्वर्गाच्या गादीवर वारशाचा दावाही नाही. रावणानं मुलाच्या, मेघनादाच्या हातून इंद्राला हरवलं ते जिंकायच्या भुकेनं. बळीनं स्वर्ग घेतला तो आपला हिस्सा म्हणून. वरवर काम एकच दिसतं, पण लढणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते पूर्ण वेगळं.

आता नाशिकची गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत जास्त हलवून जाते.

शूर्पणखा इथं आली कशी? आपण तपोवनात पाहुण्यांना घेऊन जातो, इथं लक्ष्मणानं नाक कापलं म्हणून दाखवतो, त्यावरूनच नाशिक नाव पडलं असंही सांगतो. पण लंकेच्या राजाची बहीण गोदावरीकाठच्या रानात काय करत होती, हे कुणी विचारत नाही. उत्तर उत्तरकांडात आहे. तिचा नवरा विद्युज्जिव्ह हा कालकेय, म्हणजे दानव, म्हणजे असुरांच्या गोतातला. रावण दिग्विजय करत पाताळात उतरला, अश्मनगरात कालकेयांशी लढला आणि त्या धुमाळीत त्यानं स्वतःच्या मेव्हण्यालाच तलवारीनं कापलं. लंकेत परतल्यावर बहीण पायाशी येऊन कोसळली. तूच मला विधवा केलंस, म्हणाली. त्यावर रावणाचं उत्तर असं, की लढाईच्या भरात आपला कोण आणि परका कोण हे मला कळलं नाही. मग तिची समजूत काढायला त्यानं तिला मावसभाऊ खर याच्याकडं दंडकारण्यात पाठवलं. खराच्या हाताखाली १४,००० राक्षस दिले आणि दूषणाला सेनापती नेमलं. ते ठाणं म्हणजे जनस्थान.

म्हणजे पंचवटीत राक्षस आले तेच मुळी राक्षस आणि असुर यांच्या लढाईमुळं. हे दोघे एकच असते तर हा रक्तपात झालाच नसता. ती नाक कापून घ्यायला आली नव्हती, ती एका युद्धातली विधवा होती. हे वाचल्यापासून तपोवनातल्या त्या शिल्पासमोर मला पूर्वीसारखं उभं राहता येत नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. खराचे १४,००० एकट्या रामानं दीड मुहूर्तात संपवले. सीता तोवर लक्ष्मणाबरोबर गुहेत होती. आणि जनस्थान हे राक्षसांच्या लष्करी ठाण्याचं नाव आज नाशिक किती अभिमानानं मिरवतं ते बघा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार एक वर्षाआड मराठीतल्या मोठ्या लेखकाला दिला जातो.

राक्षस हा शब्द नाशिकच्या दगडातही कोरलेला आहे. पांडवलेण्यात, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातला. त्यात ती आपल्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या लढायांचं वर्णन करते, आणि त्या अद्भुत लढाईत सिद्ध, यक्ष, विद्याधर, भूत, गंधर्व यांच्या रांगेत प्राकृतात 'रखस' येतात. यक्षांच्या शेजारीच, उत्तरकांडात जसे सख्खे शेजारी आहेत तसे. असुर त्या रांगेत नाहीत. खेड्यातली म्हातारी माणसं अजून 'राकस' म्हणतात, ते ऐकलं की मला त्या भिंतीवरची अक्षरं आठवतात.

फरक ओळखायची एक खूण म्हणजे गुरू. असुरांना गुरू आहे, शुक्राचार्य. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या त्यांच्याकडं होती, देवांच्या बृहस्पतीकडं नव्हती. ती चोरायला देवांना बृहस्पतीचा मुलगा कच पाठवावा लागला. नाशिकहून गोदावरी खाली जाते ती कोपरगावला, तिथं बेटावर शुक्राचार्यांचं देऊळ आहे. एकाच नदीच्या वरच्या अंगाला राक्षसांचं ठाणं आणि खालच्या अंगाला असुरांचा गुरू. असुरांना विद्येची ओढही आहे. छांदोग्य उपनिषदात असुरांचा राजा विरोचन हातात समिधा घेऊन प्रजापतीकडं जातो आणि इंद्राच्या जोडीनं ३२ वर्षं शिष्य म्हणून राहतो. त्याला जे कळलं ते अर्धवट कळलं, देह म्हणजेच आत्मा असं समजून तो परत फिरला. पण ३२ वर्षं! राक्षसांत रावण वेद जाणणारा होता, विभीषण धर्म जाणणारा होता, पण सगळ्या जमातीचा असा एक कुलगुरू नाही. पंथ म्हटला की गुरू लागतो, शिस्त लागते, एक धरून ठेवलेली आठवण लागते. भाच्याच्या कथेतल्या लढवय्यांकडं हे तिन्ही आहे.

मनुस्मृतीतल्या आठ विवाहप्रकारांतही दोघांची नावं वेगवेगळी येतात. पैसे मोजून मुलगी आणली तर तो आसुर विवाह, रडत-ओरडत असताना बळानं पळवून आणली तर राक्षस विवाह. गीतेतही भगवंत 'दैत्यांमध्ये मी प्रल्हाद' असं एकीकडं म्हणतात आणि 'यक्ष-राक्षसांमध्ये कुबेर' असं दुसरीकडं. पत्रिकेत गण तीन, देव, मनुष्य आणि राक्षस. असुरगण कुणाच्या पत्रिकेत निघत नाही.

घोळ मात्र आजचा नाही, हे मान्य करायला हवं. महाभारतातला एकचक्रा नगरीचा बक राक्षस आहे, माणसं खातो, गाडाभर अन्न मागतो. पण त्याच कथेत त्याला 'असुरराज' असंही म्हटलंय, आणि आपण तर त्याला बकासुरच म्हणतो. सोयरिकीही झाल्या. मंदोदरी ही मय दानवाची मुलगी, म्हणजे रावणाची बायको असुरांच्या घरातली आणि मेघनादाचं आजोळ दानवांचं. नवरात्रातल्या देखाव्यांत महिषासुर आणि रावण एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात, सुळे, मिशा, लाल डोळे. पोरांना दोष कसा देणार?

पण वणीच्या गडावर जा. सप्तशृंगी अठरा हातांची उभी आहे, आणि चढायला सुरुवात करतो तिथं पायथ्याशी महिषासुराचं मस्तक आहे. लोक त्यालाही नमस्कार करतात आणि मग वर जातात. हरलेल्याला नमस्कार करून जिंकलेलीच्या दर्शनाला जायचं, हा मान खर-दूषणाच्या वाट्याला आलेला मी पंचवटीत पाहिलेला नाही. झारखंडमध्ये तर असुर नावाचीच आदिवासी जमात आहे, पिढ्यानपिढ्या लोखंड गाळणारी, महिषासुराला आपला पूर्वज मानणारी.

आणि बळी. भाच्याच्या कथेतला देव मला पहिल्यापासून बळीच वाटत होता. हिरण्यकशिपूचा प्रल्हाद, प्रल्हादाचा विरोचन, विरोचनाचा बळी. दान द्यायला नाही म्हणाला नाही म्हणून सगळं गेलेला राजा. भागवताच्या आठव्या स्कंधात एक जागा आहे, ती मी भाच्याला मोठ्यानं वाचून दाखवली. वामनानं दोन पावलांत सगळं मापून घेतलंय, आणि आपला स्वामी फसवला गेला हे पाहून असुर शूल-पट्टिश घेऊन उठलेत. विष्णूचे पार्षद त्यांना कापत सुटलेत. तेव्हा बळी आपल्या माणसांना नावानं हाका मारतो. विप्रचित्ती, राहू, नेमी, ऐका माझं. लढू नका, मागं फिरा. हा काळ आपल्या बाजूचा नाही. आणि इतके कडवे लोक, एका शब्दावर शस्त्रं खाली करून रसातळात निघून जातात.

नंतर विष्णूनं त्याला सुतल दिलं, स्वतः त्याच्या दाराशी पहाऱ्याला उभा राहिला आणि पुढच्या मन्वंतरात इंद्रपद तुझं, असा शब्द दिला. म्हणजे ते लोक खाली बसून वाट बघताहेत, आणि त्यांचा राजा खरंच परत येणार आहे. दिवाळीच्या पाडव्याला 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणताना आपण त्यांच्याच बाजूनं बोलतो.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्यानं वही ओढून घेतली आणि पानापानांवरचं 'राक्षसगण' खोडलं. एका ठिकाणी मात्र हात थांबला. त्याच्या कथेत एक भाडोत्री सरदार आहे, त्या पंथात सामील झालेला, पण त्या देवाशी देणंघेणं नसलेला. दूरच्या ग्रहावर त्याच्या बहिणीच्या नवऱ्याला याच पंथाच्या लढाईत कुणीतरी मारलंय. हा कोण, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, हा राक्षस, याचं नाव बदलू नकोस.