‘मालक जबाबदार नाही’ असा बोर्ड लावला की सुटका?

कोल्हापुरात महाद्वार रोड असो की राजारामपुरी, जिन्याशेजारी हा बोर्ड दिसतोच: ‘इजा झाल्यास मालक जबाबदार नाही.’ बोर्ड लावला की विषय संपला, हा समज पार चुकीचा आहे.

माझी मावशी एका खानावळीच्या जिन्यावरून पडली. फरशी ओली, कठडा हलणारा, बल्ब गेलेला. मनगट मोडलं आणि वर तिलाच बोर्ड दाखवला! ती गप्प बसली, याचं मला अजून वाईट वाटतं.

जागा ज्याच्या ताब्यात, त्याने ती येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी सुरक्षित ठेवायची असते. मग तो भाडेकरू दुकानदार का असेना. हयगय केली, तर भरपाई मागता येते. रस्त्यालगतच्या बांधकामाबाबत तर कायदा आणखी कडक. दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये महापालिकेला जबाबदार धरलं. दोष वरून दिसत नव्हता, ही सबब चालली नाही. आपल्या पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या मालकांनी हे जरूर वाचावं.

अर्थात पडलं की पैसे मिळालेच, असंही नाही. मालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आपली चूक असेल तर रक्कम कमी होते. म्हणून लगेच जागेचा फोटो काढा, डॉक्टरांचे कागद आणि बिलं जपून ठेवा.