मणक्याचं दुखणं फुफ्फुसापर्यंत जातं हे कळायला एवढी वर्षं का लागली

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणके सुजून हळूहळू एकमेकांना जुळण्याचा आजार, म्हटलं की कंबर आणि पाठ एवढंच डोळ्यासमोर येतं, पण बरगड्या मागून मणक्यालाच जोडलेल्या असतात. १६९० च्या दशकात बर्नार्ड कॉनर या आयरिश डॉक्टरने एका सांगाड्याचं वर्णन केलं, त्यात मणके, कंबरेची हाडं आणि काही बरगड्यासुद्धा मिळून एकच सलग हाड झालं होतं. म्हणजे छाती जखडते हे तेव्हाच दिसलं होतं. १९ व्या शतकाच्या शेवटी बेख्तेरेव्ह, स्ट्रुम्पेल आणि मारी या डॉक्टरांनी हा आजार नीट मांडला, तरी सगळा भर पाठीवरच राहिला.

त्याला कारणही आहे, छाती जखडली तरी पेशंटला लगेच दम लागत नाही, श्वासपटल बरंचसं काम उचलून धरतं. म्हणून मोजून बघावं लागतं. चौथ्या बरगडीच्या खालच्या फटीशी टेप गुंडाळायची, श्वास पूर्ण सोडायला लावायचा, मग पूर्ण भरायला लावायचा आणि फरक बघायचा. तो २.५ सेंमी किंवा त्याहून कमी भरला तर छाती जखडली, असं हा आजार ओळखण्यासाठीच्या १९६६ च्या न्यूयॉर्क निकषांनी धरलं.

खरा घोळ झाला तो टीबीमुळे. या आजारात काही जणांच्या फुफ्फुसाचा वरचा भाग आकसतो, तिथे व्रण आणि पोकळ्या होतात आणि एक्सरे अगदी टीबीसारखा दिसतो, त्यामुळे थुंकीत जंतू सापडत नसतानाही कित्येकांना टीबीची औषधं दिली गेली, आणि याचं मला फार वाईट वाटतं. पोकळीत अ‍ॅस्परजिलस बुरशीचा गोळा वाढला तर खोकल्यातून रक्त पडतं, मग तर टीबीचा संशय अजूनच पक्का व्हायचा. १९६५ मध्ये कॅम्पबेल आणि मॅकडोनाल्ड यांनी हे व्रण या आजाराशी जोडून मांडले. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २,०८० पेशंटचे रेकॉर्ड तपासले तर फक्त २८ जणांत फुफ्फुसाचा त्रास सापडला, म्हणून तो दुर्मिळच समजला गेला.

पण ते आकडे मुख्यतः साध्या एक्सरेच्या काळातले. १९९७ मध्ये एका अभ्यासात २६ पेशंटचा हाय रिझोल्यूशन सीटी (फुफ्फुसाचे बारीक तपशील दाखवणारा स्कॅन) केला तेव्हा १९ जणांत काही ना काही बदल दिसले, एक्सरेत ४ जणांतच दिसले होते. बरेचसे बदल किरकोळ होते, घाबरण्यासारखे नव्हते.

२००३ च्या आसपास या आजारासाठी अँटी-टीएनएफ (सूज वाढवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला अडवणारी) इंजेक्शनं आली आणि टीबीचा प्रश्न परत उभा राहिला, यावेळी खराखुरा, कारण त्यांनी शरीरात दबून राहिलेला टीबी जागा होऊ शकतो. म्हणून ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात, आणि वरच्या भागात जुना डाग असेल तर तो नक्की कशाचा आहे हे आधी शोधावंच लागतं.