संवर्धित मांस व्हीगन का ठरत नाही? उत्तर पोषकद्रवात आहे

‘सीरम-मुक्त’ (सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) म्हणजे ‘प्राणिजन्य घटकांपासून मुक्त’ असं समजू नये. प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेल्या, म्हणजेच ‘संवर्धित’, मांसावर व्हीगन, म्हणजे प्राणिजन्य काहीही न वापरणाऱ्या, मंडळींत जे वाद झडतात, त्यांतल्या बऱ्याच वादांचं मूळ या एका गैरसमजात असतं.

पण आधी क्लोनचा विषय बाजूला काढू, कारण दोन्ही गोष्टींची सर्रास गल्लत होते. क्लोन करताना एका जनावराच्या पेशीतलं केंद्रक दुसऱ्या मादीच्या रिकाम्या केलेल्या अंडपेशीत घालतात आणि तो भ्रूण तिसऱ्या मादीच्या गर्भाशयात वाढवतात. १९९६ साली जन्मलेल्या डॉली या क्लोन मेंढीसाठी अशा २७७ अंडपेशी खर्ची पडल्या आणि कोकरू जगलं एकच. गर्भपात होणं, वासरू अवाजवी मोठं होऊन प्रसूती अडणं, हे प्रकार क्लोनमध्ये नेहमीपेक्षा जास्त दिसतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २००८ मध्ये क्लोन केलेल्या गाई, डुकरं आणि शेळ्यांचं मांस व दूध खाण्यास सुरक्षित ठरवलं. तरी शेवटी जनावर जन्मतं आणि कापलंच जातं, त्यामुळे व्हीगन माणसाच्या लेखी इथे चर्चेला वावच नाही.

संवर्धित मांसात अख्खं जनावर लागत नाही, पेशी लागतात. त्या मिळवायच्या दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे जिवंत गाईचा तेवढाच भाग बधिर करून स्नायूचा लहानसा तुकडा काढायचा आणि स्नायूंची डागडुजी करणाऱ्या ‘सॅटेलाइट पेशी’ त्यातून वेगळ्या करायच्या. या पेशी कायम दुभंगत राहत नाहीत. काही पिढ्यांनंतर त्यांचा वेग मंदावतो आणि स्नायूतंतू बनवण्याची क्षमताही उतरते. मग पुन्हा गाईकडे जावं लागतं, म्हणजे नमुन्यांसाठी का होईना, गोठा राखावा लागतो. दुसरी वाट न थांबता वाढणाऱ्या पेशीवंशाची. डीएफ-१ नावाचा कोंबडीच्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या) पेशींचा असा वंश दहा दिवस उबवलेल्या अंड्यांतल्या भ्रूणांपासून मिळवला गेला आणि पुढे तो आपोआप अमर झाला. एकदा भ्रूण वापरला की पुन्हा कोंबडीची गरज नाही. एकूण हानी मोजणाऱ्याला ही दुसरी वाट उजवी वाटेल. ‘प्राणी वापरायचाच नाही’ असं म्हणणाऱ्याला दोन्ही नामंजूर.

खरी मेख पोषकद्रवात, म्हणजे पेशी ज्यात वाढतात त्या द्रवात आहे. साखर, क्षार, अमिनो आम्लं आणि जीवनसत्त्वं एवढ्यावर पेशी तग धरतात, पण जोमाने वाढत नाहीत. त्यासाठी वाढीचे संदेश देणारी प्रथिनं लागतात. प्रयोगशाळांनी गेली काही दशकं ती गर्भस्थ वासराच्या रक्तातून घेतली. कत्तलखान्यात आलेली गाय गाभण निघाली, तर गर्भ काढून त्याच्या हृदयात सुई खुपसून रक्त ओढतात, ते गोठू देतात आणि वर उरलेला द्रव म्हणजे सीरम. तीन महिन्यांच्या गर्भातून साधारण १५० मिली, तर दिवस भरत आलेल्या गर्भातून साधारण ५५० मिली सीरम मिळतं.

ठोकळ हिशेब करून पाहू. पोषकद्रवात सहसा १० टक्के सीरम घालतात. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी पेशी वाढल्या, जी चांगलीच दाट वाढ झाली, तर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम ओलं वजन हाती येतं. म्हणजे १ किलोसाठी जवळपास ३० लिटर द्रव, ३ लिटर सीरम आणि ६ ते २० गर्भ. वाढ होत असताना द्रव बदलावा लागला, तर आकडा आणखी फुगतो. या पद्धतीने केलेल्या मांसाला ‘अहिंसक’ म्हणणं म्हणजे सरळ दिशाभूल आहे. नेदरलँड्सचे संशोधक मार्क पोस्ट यांनी २०१३ मध्ये लंडनला सादर केलेला, सुमारे अडीच लाख युरो खर्चाचा पहिला बर्गरही सीरमवरच वाढवलेला होता. सिंगापूरने डिसेंबर २०२० मध्ये मान्यता दिलेल्या चिकनमध्येही सुरुवातीला थोडं सीरम होतं. सीरमविना बनवलेल्या चिकनला तिथे २०२३ मध्ये परवानगी मिळाली.

सीरम काढलं की त्यातलं एकेक काम करणारं प्रथिन वेगळं आणून घालावं लागतं. इन्सुलिन, लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन, पेशींना दुभंगायला लावणारा एफजीएफ-२, सोबत सेलेनियम आणि क जीवनसत्त्व. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘बीफी-९’ या पाककृतीत यांच्या जोडीला अल्ब्युमिन हे रक्तातही असणारं प्रथिन आहे. त्यातली एक खुबी अशी की अल्ब्युमिन पहिल्याच दिवशी घातलं तर पेशी तळाला नीट चिकटत नाहीत. म्हणून पेशी नव्या भांड्यात पसरून, एक दिवस थांबून मग ते घालतात.

फसगत नेमकी इथे होते. अल्ब्युमिन आणि ट्रान्सफेरिन गाईच्या रक्तातूनही मिळतात, आणि तेच वापरलं तरी द्रवाला ‘सीरम-मुक्त’ म्हणता येतं. जीवाणूंत, यीस्टमध्ये किंवा जनुकबदल केलेल्या भातात बनवलेली प्रथिनं वापरली, तरच प्राणी सुटतो. तेवढ्यानेही काम भागत नाही. चिकटलेल्या पेशी सोडवायला लागणारं ट्रिप्सिन हे विकर (एन्झाइम) पूर्वापार डुकराच्या स्वादुपिंडातून येतं, आणि पेशींना आधार द्यायला जिलेटिन किंवा कोलॅजेन वापरलं तर तेही जनावराचंच. दोन्हींना पर्याय आहेत: सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेली विकरं आणि सोया प्रथिनाचा किंवा समुद्री शैवालातल्या अल्जिनेटचा आधार. कोणत्याही कंपनीला विचारायचंच असेल, तर पेशी, द्रव, विकर आणि आधार या चारही गोष्टींबद्दल विचारावं.

समजा, चारही गोष्टी साफ निघाल्या. तरी १९४४ साली स्थापन झालेली ब्रिटनमधली व्हीगन सोसायटी या मांसाला आपलं चिन्ह देत नाही, कारण सुरुवात प्राण्यापासूनच होते. उलट पेटा या प्राणिहक्क संघटनेने २००८ मध्ये प्रयोगशाळेत बनवलेलं चिकन बाजारात आणणाऱ्याला १० लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं होतं, आणि ते कुणालाच जिंकता आलं नाही. तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनीही २०१३ च्या बर्गरचं स्वागत केलं होतं. हे पाठीराखे व्हीगन माणसाच्या ताटाकडे पाहत नाहीत, त्यांची नजर रोज मटण-चिकन खाणाऱ्याच्या ताटावर आहे. माझ्या मते ही भूमिका जास्त व्यवहारी आहे. मात्र तिच्या आधारावर पाकिटावर ‘व्हीगन’ छापणं चूक.

भारतात तर कायदाही आड येतो. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२२ च्या व्हीगन अन्न नियमांनुसार घटकच नव्हे, तर विकरं आणि प्रक्रियेत लागणारे साहाय्यक पदार्थसुद्धा प्राणिजन्य चालत नाहीत. हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्र) आणि राष्ट्रीय मांस संशोधन केंद्राला २०१९ मध्ये अशा मांसावरच्या संशोधनासाठी सरकारी निधी मिळाला. तिथून उद्या काही बाजारात आलं, तरी सध्याच्या व्याख्येप्रमाणे त्यावर हिरवा ठिपका बसणार नाही, मांसाहाराचा तपकिरी त्रिकोणच बसेल.

व्हीगन घरात हे मांस आधी शिरलंच, तर ते बहुधा पाळीव प्राण्याच्या वाडग्यातून शिरेल. मांजराचं शरीर टॉरिन हे त्याला आवश्यक असणारं पोषकतत्त्व पुरेसं बनवू शकत नाही आणि गाजरातल्या बीटा-कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्वही तयार करू शकत नाही, त्यामुळे व्हीगन पालकांची तिथे कायम कोंडी होते. ब्रिटनने जुलै २०२४ मध्ये पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी संवर्धित चिकनला मान्यता दिली. त्याच्या पेशी कोंबडीच्या अंड्यातून घेतलेल्या आहेत आणि द्रव सीरमविना आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या एका दुकानात ते विक्रीला आलं, पण कुत्र्यांच्या खाऊत. त्यात या चिकनचा अंश थोडा आणि बाकी सगळं वनस्पतिजन्य होतं.