दुसरी फळी (फुटबॉल)

दुसरी फळी : फुटबॉल संघाच्या पहिल्या अकरा खेळाडूंमागे तयार ठेवलेले, बहुधा सतरा ते बावीस वर्षांचे राखीव खेळाडू, तसेच त्यांना पहिल्या अकरांत उभे राहण्याजोगे घडवण्याची रीत. मोठ्या क्लबांत या कामासाठी वेगळे प्रशिक्षक, वेगळा संघ आणि वेगळा पैसा असतो. ग्रामीण विदर्भातल्या गावच्या संघात हेच काम एक क्रीडाशिक्षक किंवा गावातला एखादा जुना खेळाडू करतो, आणि राखीव पोराला तिथे सरळ ‘एक्स्ट्रा’ म्हणतात.

तळाच्या संघाला नवा मुलगा उतरवताना गमावण्यासारखे फारसे नसते. विजेतेपदाच्या शर्यतीतल्या संघाचे तसे नाही. २०१८-१९ च्या इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये लिव्हरपूलने ३८ सामन्यांत ९७ गुण मिळवले, तरीही ९८ गुणांच्या मँचेस्टर सिटीमागे ते दुसरेच राहिले. हिशेब इतका काटेकोर असतो तिथे अठरा वर्षांच्या बचावपटूची एक चूक वर्षभराच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकते. म्हणून प्रशिक्षक अनुभवी खेळाडूकडेच वळतो आणि पोरगा बाकावर राहतो. बाकावर राहिल्याने अनुभव मिळत नाही, आणि अनुभव नाही म्हणून पुढच्या सामन्यालाही बाकच वाट्याला येतो. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन मुख्य खेळाडू जायबंदी झाले, तिसऱ्याला कार्ड मिळाले, की ज्याला वर्षभर पाच मिनिटेही दिली नाहीत त्याच्याकडून नव्वद मिनिटांची अपेक्षा धरली जाते. दुसऱ्या फळीचा सगळा प्रश्न या चक्रात आहे.

खेळाडू बदलण्याची मुभाच मुळात उशिरा आली. विश्वचषकात ती पहिल्यांदा १९७० साली मेक्सिकोत मिळाली, तीही दोन खेळाडूंपुरती. पुढे हा आकडा तीनवर गेला. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, पाच बदलांना तात्पुरती परवानगी मिळाली आणि २०२२ मध्ये ती नियमांत कायमची आली. मध्यंतर सोडले तर हे पाच बदल खेळ तीनदा थांबवून उरकावे लागतात. या एका नियमाने तरुण राखीव खेळाडूंचे जेवढे भले केले तेवढे फार थोड्या अकादमींनी केले असेल. तीनच बदल हातात असताना प्रशिक्षक तिसरा बदल दुखापतीसाठी राखून ठेवत असे. आता दोन गोलांची आघाडी असेल तर शेवटची वीस मिनिटे तो पोरांच्या हाती देऊ शकतो. प्रीमियर लीगमध्ये नोंदणीकृत ज्येष्ठ खेळाडूंची मर्यादा २५ आहे, मात्र २१ वर्षांखालच्या खेळाडूंना ती लागू होत नाही. म्हणजे नियमाने पोरांसाठी दार उघडे ठेवले आहे. आत घ्यायचे की नाही हे क्लबने ठरवायचे.

घडवण्याच्या रीती देशागणिक वेगळ्या आहेत. स्पेनमध्ये मोठ्या क्लबांचे ‘ब’ संघ खालच्या श्रेणीच्या खऱ्या लीगमध्ये, मोठ्या माणसांशी खेळतात. अट एवढीच, की एका क्लबचे दोन संघ एकाच श्रेणीत खेळू शकत नाहीत. इंग्लंडमध्ये राखीव मुलांची लीग वेगळी आहे, त्यामुळे तिथले क्लब मुलांना दुसऱ्या क्लबकडे लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरते उसने, धाडतात. डेव्हिड बेकहॅम १९९५ मध्ये असाच प्रेस्टन नॉर्थ एंड या खालच्या श्रेणीतल्या क्लबकडे थोड्या सामन्यांसाठी गेला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मँचेस्टर युनायटेडने तरुण पोरांना घेऊन हंगाम सुरू केला आणि पहिल्याच सामन्यात ॲस्टन व्हिलाकडून ३-१ असा मार खाल्ला. प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी पोरांना बाहेर काढले नाही, आणि हंगामाअखेर लीग आणि एफए कप दोन्ही युनायटेडकडे होते. पोरांना संधी दिली म्हणून जिंकले, असे सरळ म्हणता येणार नाही. त्या संघात पीटर श्मायकेल आणि एरिक कँटोनाही होते. पण आजूबाजूला असे चार भक्कम गडी असले तरच पोराची चूक झाकली जाते, हे त्या हंगामातून नीट कळते.

लोनची पद्धत पुढे इतकी फोफावली की काही क्लब डझनावारी मुले बाहेर ठेवू लागले. २०२२ पासून फिफाने आंतरराष्ट्रीय लोनवर मर्यादा आणली, पण २१ वर्षांपर्यंतचे आणि क्लबनेच घडवलेले खेळाडू तिच्यातून वगळले.

थोडी थोडी मिनिटे देत घडवण्याचे सर्वांत ठळक उदाहरण लिओनेल मेस्सीचे. १६ ऑक्टोबर २००४ रोजी एस्पान्योलविरुद्ध, शेवटची काही मिनिटे उरली असताना, सतरा वर्षांचा मेस्सी बार्सिलोनाकडून लीगमध्ये पहिल्यांदा मैदानात उतरला. त्या हंगामात बार्सिलोना विजेते ठरले आणि मेस्सीच्या वाट्याला लीगचे अवघे सात सामने आले. त्याचा पहिला गोलही बदली खेळाडू म्हणूनच, १ मे २००५ रोजी अल्बासेतेविरुद्ध झाला. चेंडू दिला होता रोनाल्डिन्होने. संघाने त्याच्यावर जिंकण्याचे ओझे टाकले नाही आणि त्याला कुजतही ठेवले नाही.

गोलरक्षकाची गोष्ट वेगळी आणि अधिक कठीण. आघाडीच्या खेळाडूला शेवटची दहा मिनिटे देता येतात. गोलरक्षक सहसा मध्येच बदलत नाहीत. दुसऱ्या गोलरक्षकाने अख्खा हंगाम हातमोजे घालून बसून राहायचे, आणि हाक आली तर अंग गरम करायलाही वेळ मिळत नाही. २००२ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात रेआल माद्रिदचा सेसार जायबंदी झाला तेव्हा २० वर्षांचा इकेर कासियास ६८ व्या मिनिटाला आत आला. त्या हंगामात त्याची पहिली जागा गेली होती. बायर लेव्हरकुझेनने शेवटच्या मिनिटांत एकामागून एक हल्ले केले, कासियासने ते परतवले आणि माद्रिद २-१ जिंकले. गावच्या संघांत दुसरा गोलरक्षक जवळजवळ नसतोच. पहिल्याला लागले की आघाडीचा कुणीतरी उंच पोरगा हातमोजे चढवतो आणि संघ एका दमात दोन ठिकाणी लंगडा होतो.

अमेरिकन फुटबॉल हा निराळा खेळ, पण दुसऱ्या फळीबद्दल तो एक उलटी गोष्ट सांगतो. तिथे क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू, सहसा सामन्याच्या मध्ये बदलत नाहीत. ॲरन रॉजर्स २००५ मध्ये ग्रीन बे पॅकर्समध्ये आला, तीन वर्षे ब्रेट फार्व्हच्या मागे बसला, २००८ पासून मुख्य झाला आणि २०१० च्या हंगामात संघाने विजेतेपद जिंकले. बसूनही शिकता येते ते असे. पण तो नुसता बसला नव्हता; सरावात रोज त्याच चाली चालवत होता, आणि आपली पाळी कुणानंतर आहे हे त्याला ठाऊक होते.

भारतात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने इंडियन ॲरोज नावाचा तरुणांचाच संघ आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये उतरवला होता. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला कोल्हापूर जिल्ह्याचा अनिकेत जाधव त्यातूनच पुढे आला. मिनिटे भरपूर मिळत, मात्र जिंकण्याचा दबाव नसे, आणि दबावाशिवाय घडलेला खेळाडू मोठ्या क्लबात आल्यावर पुन्हा बाकावरून सुरुवात करतो. विक्रम प्रताप सिंग ॲरोजमधून २०२० मध्ये मुंबई सिटीत आला. त्याच्या पहिल्याच हंगामात संघाने इंडियन सुपर लीग जिंकली, त्याला मात्र वाट पाहावी लागली. २०२३-२४ मध्ये मुंबईने पुन्हा विजेतेपद मिळवले तेव्हा तो हंगामातला सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरला. २०२२ पासून क्लबांच्या तरुण संघांसाठी रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीगही भरते.

विदर्भातल्या वाचकाला ही गोष्ट क्रिकेटमधून चटकन कळेल. डिसेंबर २०१७ मध्ये इंदूरला विदर्भ आपला पहिला रणजी अंतिम सामना खेळायला उतरला तेव्हा अकोल्याचा एकोणीस वर्षांचा आदित्य ठाकरे त्याच सामन्यात पदार्पण करत होता. अंतिम सामन्यात नवा गोलंदाज! विदर्भ जिंकला. अमरावतीचा जितेश शर्मा २०१७ च्या विजेत्या मुंबई इंडियन्समध्ये होता, पण एकही सामना न खेळता. आयपीएलमधले त्याचे पदार्पण २०२२ मध्ये, तेही दुसऱ्या संघाकडून झाले.

फुटबॉलची परंपरा नागपूरला आणि छावणीचे गाव असलेल्या कामठीत जुनी आहे. विजय बारसे यांनी २००१ मध्ये नागपुरात सुरू केलेल्या ‘स्लम सॉकर’ या झोपडपट्टीतल्या मुलांच्या फुटबॉल उपक्रमातून गेलेले खेळाडू होमलेस वर्ल्ड कपमध्ये, म्हणजे बेघरांच्या विश्वचषकात, भारतातर्फे खेळतात. त्या स्पर्धेत मैदानावर चार आणि बाहेर चार गडी असतात, आणि बाहेर गेलेला पुन्हा आत येऊ शकतो. राखीव पोरासाठी याहून चांगली रचना सापडणे अवघड. मुलांच्या आणि गावपातळीच्या खेळात अशा फिरत्या बदलांना फुटबॉलच्या नियमांतही जागा आहे. गावच्या सात-सात जणांच्या स्पर्धांत ती सोय ठेवली की मैदान आपोआप शाळा होते.

खेड्यात मैदान म्हणजे बहुधा झेडपीच्या शाळेमागची काळी जमीन. पावसाळ्यात ती माती बुटाला असा लोंदा धरते की पाय उचलवत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पारा ४५ अंशांकडे धावतो. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग अशा चढत्या क्रमाने नेमक्या पावसाळ्यात सुरू होतात. गावच्या स्पर्धा दिवाळीनंतर, थंडीत. आणि थंडी म्हणजे पश्चिमेकडे कापसाच्या वेचणीचे आणि पूर्वेकडे धानाच्या कापणी-मळणीचे दिवस. उपान्त्य सामन्याच्या सकाळी मधल्या फळीतला खंदा गडी वावरात असतो. दुसरा पोलीस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करतो आणि पाय दुखावेल म्हणून सामना टाळतो. तिसरा गेल्या महिन्यात पुण्याला कंपनीत लागला. मोठ्या क्लबाला दुसरी फळी हंगामातून दोन-चारदा लागते. गावच्या संघाला ती दर रविवारी लागते, आणि ज्या गावाने ती तयार ठेवली नाही त्या गावचा संघ दोन वर्षांत मोडतो.

असा एखादा सामना पाहताना नजर रेषेवर ठेवावी. तिथे सोळा वर्षांचा एक पोरगा उकिडवा बसलेला असतो. अंगात भावाची जर्सी, हातात पाण्याची कॅन.

‘सर, मले कधी घेता?’

‘घेतो बाबू. पयले त्याईले पाणी दे.’

दुसऱ्या सत्रात त्याचे नाव पुकारले जाते. बाहेर येणारा गडी रेषेवरच फतकल मारून बूट सोडतो, कारण त्या मापाची जोडी एकच आहे. पोरगा ते घामाने ओले बूट पायांत चढवतो. एक नंबर मोठे असतील तर पुढे कापूस कोंबतो, आणि कापसाला इथे तोटा नाही. पंच थांबतात, समोरचा संघही कुरकुर करत नाही. पहिला चेंडू पायाशी येताच तो घाबरून जोरात लांब मारतो. दुसरा अंगावर आदळतो. तिसरा मात्र तो थांबवतो, मान वर करून पाहतो आणि जवळच्या गड्याला देतो. वर्षभराच्या सरावात न आलेली ही गोष्ट चार मिनिटांत येते, आणि खऱ्या सामन्यातल्या मिनिटांचे मोल कळण्यासाठी तो तिसरा चेंडू पुरेसा आहे.

चांगले क्रीडाशिक्षक आणखी एक करतात. सामन्याआधीच पोराला सांगून ठेवतात, की दुसऱ्या सत्रातली पहिली दहा मिनिटे तुझी, आपण जिंकत असू किंवा हरत असू. वेळ ठाऊक असलेला पोरगा बाहेर बसूनही सामना वेगळा पाहतो: आपल्यासमोर कोण येणार, तो कोणत्या पायाने वळतो, कधी दमतो. ज्याला काहीच सांगितलेले नसते तो पाणी वाटतो आणि गुणफलक पाहतो. बक्षिसाची रक्कम मोठी असली की हा शब्द मोडला जातो, हेही खरे. अंतिम सामन्याला एक्स्ट्रा पोरे शेवटपर्यंत कॅन घेऊन बसलेली पुष्कळदा दिसतात, आणि ते पाहून वाईट वाटते.

शालेय स्पर्धांत आणखी एक पेच आहे. संघाच्या यादीत नाव आले की प्रमाणपत्राची वाट खुली होते. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि पुढे सरकारी नोकरीतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण यांची पायरी तिथून सुरू होते. घरच्यांसाठी हा कागद खेळाइतकाच महत्त्वाचा असतो, आणि त्यात गैर काही नाही. पण यादी त्या नजरेने भरली, की राखीव जागांवर खेळणाऱ्या पोरांऐवजी कागद हवा असलेली पोरे येतात आणि दुसरी फळी कागदावरच राहते.

यावर काही गावांनी काढलेली युक्ती साधी आहे. यजमान गाव आपल्या स्पर्धेत दोन संघ उतरवते, ‘अ’ आणि ‘ब’. ‘ब’मध्ये सगळी एक्स्ट्रा पोरे आणि सोबतीला एक-दोन जुने गडी, ज्यांचे पाय मंदावले पण डोके चालते. स्पेनमध्ये नियमाने टळते ते इथे टळत नाही: दोन्ही संघ सोडतीत वेगवेगळ्या बाजूंना ठेवले तरी एखाद्या वर्षी अंतिम सामन्यात समोरासमोर येतात. त्या दुपारी ‘अ’चे गडी मनापासून खेळतात, कारण हरले तर घरी बोलणी बसतात. रेषेभोवती उभे असलेले गाव मात्र ‘ब’च्या बाजूने ओरडते.