कॅथलिक विद्यापीठाचे अध्यक्षपद : नोटर डेम

अमेरिकेतील कॅथलिक विद्यापीठाचा अध्यक्ष म्हणजे आपल्याकडचा कुलगुरू, हे समीकरण निम्मेच खरे आहे. महाराष्ट्रात कुलगुरूची नेमणूक शोधसमितीच्या यादीतून राज्यपाल करतात, मुदत पाच वर्षांची असते आणि पगाराचा मोठा भार सरकार उचलते. अमेरिकन अध्यक्षाला विश्वस्त मंडळ निवडते. पैसा त्याला स्वतःच उभा करावा लागतो. संस्था कॅथलिक असेल तर आणखी दोघांना सांभाळावे लागते : ज्या धर्मसंघाने ती स्थापन केली तो संघ, आणि ज्याच्या धर्मप्रांतात ती आहे तो बिशप. हे पद कसे घडले याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे इंडियाना राज्यातील नोटर डेम विद्यापीठ आणि 1952 ते 1987 अशी सलग 35 वर्षे तिथे अध्यक्ष असलेले फादर थिओडोर हेसबर्ग.

नोटर डेमच्या अध्यक्षांच्या यादीत काही वर्षे ठरावीक अंतराने येतात : 1922, 1928, 1934, 1940, 1946, 1952. दर सहा वर्षांनी नवा माणूस. हा योगायोग नाही. 1842 मध्ये फादर एडवर्ड सोरिन यांनी स्थापन केलेले हे विद्यापीठ होली क्रॉस या धर्मसंघाचे होते. तिथला अध्यक्ष हाच आवारात राहणाऱ्या फादरांचा आणि ब्रदरांचा संघप्रमुखही असे. चर्चच्या 1917 च्या कॅनन कायद्याने अशा स्थानिक संघप्रमुखाला तीन वर्षांची मुदत दिली आणि ती लागोपाठ एकदाच वाढवता येईल असे ठरवले. त्यामुळे सहा वर्षे झाली की संघप्रमुख बदले आणि त्याच्याबरोबर अध्यक्षही बदले. मठासाठी नियम शहाणपणाचा होता, विद्यापीठासाठी घातक. पहिली दोन वर्षे कारभार समजण्यात जात आणि शेवटचे वर्ष आवराआवरीत. देणगीदाराशी ओळख वाढून तो मोठा चेक लिहिण्याच्या बेतात येईपर्यंत समोरचा फादर बदललेला असे. 1958 मध्ये हेसबर्ग यांची सहा वर्षे भरली तेव्हा संघाने दोन्ही पदे वेगळी केली. संघप्रमुख दुसरा नेमला आणि अध्यक्ष तेच राहिले. पुढची 29 वर्षे या एका फेरबदलावर उभी आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात जेझुइट या धर्मसंघाच्या समुदायाचा प्रमुख (रेक्टर) वेगळा आणि प्राचार्य वेगळा असतो, त्यातही हीच विभागणी दिसते.

या पदाकडे जाण्याची वाट अर्ज करून सुरू होत नसे. हेसबर्ग 1917 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे जन्मले आणि 1934 मध्ये सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, आले. संघाने 1937 मध्ये त्यांना रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात पाठवले. युद्ध पेटल्यामुळे 1940 मध्ये परतावे लागले. 1943 मध्ये गुरुदीक्षा झाली. त्यांना आरमारात धर्मगुरू म्हणून जायचे होते, पण वरिष्ठांनी वॉशिंग्टनला कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकामध्ये डॉक्टरेट करायला पाठवले. ती 1945 मध्ये मिळाली. प्रबंधाचा विषय होता चर्चमधील प्रापंचिकांचे, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य कॅथलिकांचे, स्थान. पुढे बावीस वर्षांनी त्यांनी विद्यापीठच प्रापंचिकांच्या हाती दिले, तेव्हा हा विषय पुन्हा वर आला. परतल्यावर युद्धावरून आलेल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या ‘व्हेटव्हिल’ वस्तीचे धर्मगुरू, 1948 मध्ये विभागप्रमुख, 1949 मध्ये कार्यकारी उपाध्यक्ष आणि 1952 मध्ये, वयाच्या 35 व्या वर्षी, अध्यक्ष. संघात नेमणुकीला ‘ओबीडियन्स’ म्हणतात, म्हणजे थेट आज्ञापालन. वार्षिक नेमणुकांची यादी वाचली जाते, तीत आपले नाव ऐकायचे आणि कामाला लागायचे. त्या वर्षीची यादी वाचून झाल्यावर मावळते अध्यक्ष फादर जॉन कॅव्हनॉ यांनी खोलीची किल्ली हातात ठेवली, संध्याकाळी आपण कबूल केलेले भाषण आता तुम्हीच द्या असे सांगितले आणि ते न्यूयॉर्कला निघून गेले. कार्यभार सोपवण्याचा समारंभ एवढाच.

अध्यक्षाला पगार असतो, पण दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या फादरला तो स्वतःकडे ठेवता येत नाही. रक्कम संघाकडे जाते. हेसबर्ग आवारातल्या कॉर्बी हॉलमध्ये साध्या खोलीत राहत. त्यांच्यानंतर आलेले फादर एडवर्ड मलॉय तर अध्यक्षपदाच्या काळातही सोरिन हॉल या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहिले. याचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. समोरचा माणूस स्वतःसाठी मागत नाही, हे देणगीदाराला वेगळे सांगावे लागत नाही.

रोजचा कारभार एका माणसाने हाकता येण्यासारखा नाही आणि हेसबर्ग यांनी तसा प्रयत्नही केला नाही. पैसा, इमारती आणि खेळ ही तिन्ही खाती फादर एडमंड जॉइस या कार्यकारी उपाध्यक्षांकडे 35 वर्षे होती. अध्यक्षाकडे उरत ती चार कामे : माणसे नेमणे, पैसा आणणे, बाहेर संस्थेचा चेहरा होणे आणि रोमशी संबंध सांभाळणे.

पैसा आणण्याची पद्धत सांगण्यासारखी आहे. 1960 मध्ये फोर्ड फाउंडेशनने नोटर डेमला 60 लाख डॉलर देऊ केले, पण अट घातली की विद्यापीठाने तीन वर्षांत स्वतः त्याच्या दुप्पट, म्हणजे 1 कोटी 20 लाख, उभे करावेत. अशा अटीच्या देणगीचे बळ रकमेपेक्षा मुदतीत असते. माजी विद्यार्थ्यांना ‘कधीतरी द्या’ म्हणून पैसे येत नाहीत. ‘अमुक तारखेच्या आत एक डॉलर दिलात तर मागून अर्धा येईल’ म्हटले की येतात. या मोहिमेच्या काळातच 1963 मध्ये नवे ग्रंथालय उघडले. त्याच्या दर्शनी भिंतीवरचे 134 फूट उंचीचे चित्र अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाकडे तोंड करून आहे. त्यातल्या येशूचे उंचावलेले हात पंच टचडाउन झाल्याची, म्हणजे गुण मिळाल्याची, खूण करतो तसे दिसतात, म्हणून लोकांनी त्याला ‘टचडाउन जीझस’ नाव दिले. 1952 आणि 1987 चे आकडे असे : वार्षिक अंदाजपत्रक 97 लाख डॉलरवरून 17 कोटी 66 लाख, कायम निधी 90 लाखांवरून 35 कोटी, विद्यार्थी 4,979 वरून सुमारे 9,600, अध्यापक 389 वरून 950. या वाढीत महागाईचा वाटा मोठा आहे, म्हणून डॉलरच्या आकड्यांपेक्षा अध्यापकांचा आकडा पाहणे बरे. विद्यार्थी दुपटीच्या आतच राहिले आणि शिकवणारे जवळजवळ अडीच पट झाले. दर्जा वाढला तो इथे.

फुटबॉल हा या पदाचा कायमचा काटा. नव्या अध्यक्षाला छायाचित्रकारांनी हातात चेंडू घेऊन उभे राहायला सांगितले तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. पण खेळाचा पैसा आणि कीर्ती नाकारणे कोणालाच जमले नाही. डिसेंबर 1958 मध्ये, ऐन नाताळच्या तोंडावर, प्रशिक्षक टेरी ब्रेनन यांना काढले तेव्हा अभ्यास आधी, खेळ नंतर ही शिकवण कुठे गेली असे वृत्तपत्रांनी विचारले. प्रश्न रास्त होता.

याहून मोठे अपघात कुठे होतात हे 1965 मध्ये दिसले. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स या व्हिन्सेंशियन संघाच्या विद्यापीठाने डिसेंबरमध्ये 31 अध्यापकांना चौकशीशिवाय काढून टाकले. जानेवारीत संप झाला आणि अध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने संस्थेचा निषेध नोंदवला. कारण उघड होते. मठात वरिष्ठाचा शब्द अखेरचा असतो आणि तीच रीत अध्यापकांना लावली गेली. अध्यापकांनी मात्र आज्ञापालनाचे व्रत घेतलेले नव्हते. 1967 च्या एप्रिलमध्ये कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकामध्ये चार्ल्स करन या थिऑलॉजीच्या (धर्मशास्त्राच्या) अध्यापकाला काढायचे ठरले म्हणून सगळे विद्यापीठ बंद पडले आणि बिशपांना माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी नोटर डेमची मालकी होली क्रॉस संघाने बहुसंख्य प्रापंचिक असलेल्या विश्वस्त मंडळाकडे दिली.

ही रचना आजही चालू आहे. वर बारा ‘फेलो’ असतात, सहा संघाचे फादर आणि सहा प्रापंचिक. विश्वस्त निवडणे आणि मूळ नियम बदलणे त्यांच्या हाती असते. त्यांच्याखाली मोठे विश्वस्त मंडळ अध्यक्ष निवडते, पण होली क्रॉस संघाच्या अमेरिकी प्रांतातल्या फादरांमधूनच. म्हणजे मालकी सोडली, पण खुर्ची राखली. तोटा उघड आहे : उमेदवार मोजकेच. म्हणून संघ पंधरा-वीस वर्षे आधीच तयारी करतो. हुशार तरुण फादरला चांगल्या विद्यापीठात डॉक्टरेटला पाठवायचे, मग अध्यापन, वसतिगृहाची जबाबदारी आणि एखादे उपाध्यक्षपद. हेसबर्ग यांच्यानंतरचे तिघे व्हँडरबिल्ट, ऑक्सफर्ड आणि लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ इथून डॉक्टरेट करून आले. जेझुइट संस्थांनी दुसरी वाट धरली. जॉर्जटाउनमध्ये 2001 साली पहिला प्रापंचिक अध्यक्ष आला आणि फोर्डममध्ये 2022 साली टानिया टेटलो या पहिल्या प्रापंचिक आणि पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

जुलै 1967 मध्ये विस्कॉन्सिनमधील लँड ओ’लेक्स येथे, नोटर डेमच्याच जागेत, हेसबर्ग यांनी 26 जणांची बैठक घेतली. कॅथलिक विद्यापीठाला खऱ्या अर्थाने विद्यापीठ व्हायचे तर बाहेरच्या कोणत्याही सत्तेपासून, मग ती सरकारी असो की चर्चची, स्वायत्तता हवी, असे निवेदन तिथून निघाले. टीकाकारांच्या मते कॅथलिकपण पातळ होण्याची सुरुवात इथूनच झाली. रोमचे उत्तर सावकाश आले. 1983 च्या कॅनन कायद्यानुसार ‘कॅथलिक विद्यापीठ’ हे नाव लावायला अधिकाऱ्यांची संमती लागते, थिऑलॉजी शिकवणाऱ्याला मान्यता घ्यावी लागते आणि विद्यापीठाच्या प्रमुखाला पदग्रहणाच्या वेळी श्रद्धेची जाहीर कबुली द्यावी लागते. 1990 च्या पोपच्या आदेशाने त्यात भर घातली की बिगर-कॅथलिक अध्यापकांचे बहुमत होऊ देऊ नये. 2009 मध्ये नोटर डेमने ओबामांना पदवीदान समारंभाला बोलावले तेव्हा गर्भपाताच्या प्रश्नावरून स्थानिक बिशप जॉन डार्सी यांनी समारंभावर बहिष्कार टाकला. बिशपाला विद्यापीठ चालवता येत नाही, पण ते त्याच्या प्रांतात आहे हे अध्यक्षाला विसरता येत नाही.

विद्यार्थी-आंदोलनांच्या काळात हेसबर्ग यांनी फेब्रुवारी 1969 मध्ये पत्र काढले : आवारात दुसऱ्यांचे काम अडवणाऱ्याला विचार करायला पंधरा मिनिटे, मग निलंबन, तरीही न हटल्यास हकालपट्टी. राष्ट्राध्यक्ष निक्सन खूश झाले. केंद्र सरकारने मात्र यासाठी कायदा करू नये असे हेसबर्ग यांनी लगेच कळवले, तो भाग फारसा लक्षात राहिला नाही. 1957 पासून ते केंद्राच्या नागरी हक्क आयोगावर होते आणि 1969 पासून त्याचे अध्यक्ष. सरकारवर टीका करत राहिल्यामुळे 1972 च्या निवडणुकीनंतर निक्सन यांनी त्यांना पायउतार व्हायला लावले. त्याच वर्षी विद्यापीठात मुलींना पदवीच्या वर्गात प्रवेश मिळाला. त्याआधी शेजारच्या सेंट मेरीज या मुलींच्या महाविद्यालयाशी विलीनीकरण 1971 मध्ये फसले होते. दोन संघांची मालमत्ता आणि मान यांची बेरीज कागदावर जितकी सोपी दिसते तितकी नसते.

इतकी बाहेरची कामे करणारा अध्यक्ष घरी कधी असतो? विद्यार्थ्यांचा विनोद होता : देव सर्वत्र असतो, फादर टेड (म्हणजे हेसबर्ग) नोटर डेम सोडून सर्वत्र असतात. असत तेव्हा मात्र ते रात्री उशिरापर्यंत काम करत, आणि खिडकीत दिवा दिसला की काही विद्यार्थी आगीच्या जिन्याने वर येऊन बोलून जात.

1987 मध्ये पद सोडल्यावर त्यांनी जॉइस यांना बरोबर घेतले आणि वर्षभर प्रवासाला गेले, आधी एका मोटारघरातून अमेरिकेत आणि मग जहाजाने. नव्या अध्यक्षाच्या दारावरून लोक जुन्याच्या दारी जाऊ नयेत म्हणून. परतल्यावर त्यांना खोली मिळाली ती ग्रंथालयाच्या तेराव्या मजल्यावर.