भेंडीला ट्रे कशाला?

फेब्रुवारी लागला की रोपवाटिकांच्या दारात ट्रे मांडलेले दिसतात. टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं असणारच. पण हल्ली शेजारी काकडी, भेंडी आणि चक्क गाजराचीही रोपं दिसतात. गच्चीवर बाग करणारी मंडळी ‘तेवढेच पंधरा दिवस वाचले’ म्हणत ती घेऊन जातात. ते दिवस बहुतेक वेळा वाचत नाहीत, आणि त्याचं कारण मुळांत आहे.

मुळं पाणी शोषतात हे आपण शाळेत शिकलो. पण अख्खं मूळ सारखं शोषत नाही. टोकाच्या थोडं मागे अतिशय बारीक केस असतात, त्यांना मूलरोम म्हणतात. एकेक केस म्हणजे एकाच पेशीचा लांब वाढलेला भाग. बरंचसं पाणी आणि त्यातले क्षार या भागातून आत जातात. मूळ जून होत गेलं की केस झडतात आणि पेशींच्या भिंतींवर सुबेरिन नावाचा मेणचट पदार्थ चढतो. बाटलीच्या बुचातून पाणी झिरपत नाही, तेही याच सुबेरिनमुळे. थोडक्यात, जून मूळ ही पाणी वाहून नेणारी नळी, ओढायचं काम मुख्यतः कोवळ्या टोकांचं. रोप ट्रेतून उपटताना नेमकी ही टोकं तुटतात, केस मातीला चिकटून राहतात. खाली नळीला बूच बसलेलं आणि वर पानं उन्हात पाणी उडवतायत, अशी त्या रोपाची अवस्था होते.

मग नवी मुळं किती लवकर फुटतात यावर सगळं ठरतं. टोमॅटो आणि कोबी यात पटाईत. टोमॅटोचं तर खोड मातीत गाडलं तरी त्याला मुळं येतात. वांगी, मिरची, कांदा जरा वेळ घेतात, पण सावरतात. काकडी, कलिंगड, घेवडा, मका यांच्या मुळांवर मात्र सुबेरिन लवकर चढतं आणि नवी मुळं सावकाश येतात. भेंडीचं सोटमूळ सरळ खोल जाणारं, ते ट्रेच्या तळाशी अडून वळतं. गाजर-मुळ्यात तर आपण सोटमूळच खातो, त्याचा शेंडा दुखावला की फाटे फुटतात. या सगळ्यांचं बी जागेवरच टोकावं. गवार, मेथी, कोथिंबीरही थेट वाफ्यात, फक्त धने आधी हलके रगडून दोन फाकी करून घ्यावेत.

मागच्या उन्हाळ्यात मी एकाच वाफ्यात काकडीचं तीन आठवड्यांचं रोप लावलं आणि त्याच दिवशी हातभर अंतरावर दोन बिया टोकल्या. रोप आठवडाभर रोज दुपारी मान टाकायचं. बियांचे वेल महिन्याभरात त्याला मागे टाकून मांडवावर चढले.

आता कधी टोकायचं? माती साधारण 16 अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर भेंडी-काकडीचं बी उगवत नाही, ओलीत पडून कुजतं. 35 अंशांच्या आसपास ते सर्वांत जोमानं उगवतं. लेट्यूसचं नेमकं उलट, 30 अंशांच्या पुढे त्याचं बी झोपूनच राहतं. म्हणून भेंडी-काकडीसाठी नाशिक-पुण्याकडे जानेवारीतला पहाटेचा गारठा ओसरू द्यावा. सकाळी आठला पाच सेंटिमीटर खोल थर्मामीटर खोचला की उत्तर मिळतं.

लोक मात्र थर्मामीटरऐवजी अमावास्या-पौर्णिमा बघतात. समुद्राला भरती येते, तशी चंद्र बियांतल्या पाण्यालाही ओढ लावतो, असं सांगतात. भरती येते ती पृथ्वीच्या दोन बाजूंवरच्या ओढीतल्या फरकामुळे. भेंडीच्या बीच्या दोन टोकांमध्ये तो फरक शून्यातच जमा. त्या नादात पेरणीची ऊबदार आठ-दहा दिवसांची संधी हातची जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

उंदीर किंवा पाखरं बी राहूच देत नसतील, तर काकडीचं रोप करावं, पण वर्तमानपत्राच्या पुंगळीत. बीतून निघालेल्या दोन जाड दलांनंतरचं पहिलं खरं पान उमललं की पुंगळीसकट आळ्यात ठेवायचं आणि कागदाची कड मातीखाली दाबायची. ओला कागद विरतो आणि मुळं त्यातून आपसूक बाहेर पडतात.