संध्याकाळी सातची मीटिंग

महापालिकेच्या शाळेतला पाचवीचा वर्ग. दारू सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग इथे भरते. बाकं लहान, त्यांवर अवघडून बसलेली मोठी माणसं. दाराजवळच्या नवख्या माणसाला चहा मिळाला तो अर्धा कप, शेजारच्या काकांना मात्र काठोकाठ. चहा संपत आला असेल, असं मला वाटलं. नंतर चहा देणाऱ्यानेच सांगितलं, "पहिल्या आठवड्यात हात थरथरतात. चहा सांडला की माणूस ओशाळतो, परत येत नाही."

ही थरथर मेंदूतून येते. दारू 'गाबा' या मेंदूला शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवते आणि 'ग्लुटामेट' या चेतवणाऱ्या रसायनाचा दाबते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलट दिशेने जोर लावायला शिकतो. दारू एकाएकी बंद झाली तरी तो जोर काही दिवस तसाच राहतो. मग हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होऊ लागतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला "आजपासून बंद" अशी शपथ घालू नका. आधी डॉक्टरकडे न्या. ते काम मीटिंगचं नाही.

औषधांनी आठ-दहा दिवसांत शरीर बरंचसं सावरतं. संध्याकाळचे सात मात्र रोज वाजतात. मेंदूने दारूची गाठ बाटलीशी जशी बांधलेली असते, तशी ती कामावरून सुटण्याच्या वेळेशी, स्टेशनबाहेरच्या कोपऱ्याशी, तळलेल्या चण्याच्या वासाशी आणि ठरलेल्या चार मित्रांशीही बांधलेली असते. यातलं काहीही समोर आलं की मेंदूतली 'डोपामिन' या हवंसं वाटायला लावणाऱ्या रसायनाची यंत्रणा जागी होते आणि तलफ उठते. घरचे म्हणतात, "मनावर घे, सुटेल." पण मनावर घेणारा माणूस रोज त्याच कोपऱ्यावरून, त्याच वेळी, एकटा घरी येत असतो. त्या तासाला जायला दुसरी जागा आणि भेटायला दुसरी माणसं हवीत.

मे 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन याच पेचात सापडला होता. धंद्याचं काम फसलेलं, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले आणि हॉटेलच्या लॉबीतून बार खुणावत होता. त्याने चर्चना फोन लावले. कुणाचा उपदेश त्याला नको होता, दारूत अडकलेला दुसरा माणूस हवा होता. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाची गाठ पडली. पंधरा मिनिटांसाठी ठरलेलं बोलणं काही तास चाललं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे 'एए', ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारी संघटना तिथून सुरू झाली.

याने खरंच फरक पडतो का? मीटिंगला जाणारे मुळातच निर्धाराचे असतील, ही शंका रास्त आहे. म्हणून ज्या अभ्यासांत कुणाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं जातं, ते महत्त्वाचे. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 'कॉक्रेन' संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 27 अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त माणसं होती. एएकडे पद्धतशीरपणे वळवणारा उपचार मिळालेल्यांपैकी वर्षभरानंतर सुमारे 42 टक्के पूर्ण व्यसनमुक्त होते. समुपदेशनाच्या इतर पद्धतींत सुमारे 35 टक्के. जादू नाही, पण जी गोष्ट फुकट मिळते तिच्यासाठी हे फार मोलाचं आहे. नव्वदच्या दशकातल्या 'प्रोजेक्ट मॅच' या 1,726 जणांच्या अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांनी आणखी एक गोष्ट दिसली: ज्यांच्या भोवती पिणाऱ्यांचाच गराडा होता, त्यांना एएकडे वळवण्याचा लाभ जास्त झाला. सोबत बदलली, हे मला त्यातलं सर्वांत मोठं कारण वाटतं.

आपल्याकडे मदत पोचते किती? एम्सच्या 2019 च्या अहवालानुसार, दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो. म्हणून पत्ते ठाऊक असावेत. 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. 1986 पासून पुण्यात काम करणाऱ्या 'मुक्तांगण' या व्यसनमुक्ती केंद्राचे पाठपुरावा गट आहेत. एएच्या मीटिंगा मुंबई-पुण्यात आणि गोव्यात शाळा नि चर्चच्या खोल्यांतून भरतात. फी नसते, आडनाव विचारत नाहीत, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. नातेवाइकांना 'खुल्या' मीटिंगला जाता येतं. 'बंद' मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी. बायको-मुलांसाठी 'अल-अनॉन' नावाचे वेगळे गट आहेत, आणि नवरा येवो न येवो, बायकोने तिथे जरूर जावं.

बोलायचं नसेल तर गप्प बसा, चालतं. मीटिंगमधली प्रार्थना खटकली तरी बसून राहा. देव कुठला आणि मानायचा की नाही, हे ज्याचं त्याच्यावर सोडलेलं असतं. एक गट रुचला नाही तर दुसरा पाहा, प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा. बाईमाणसाने स्त्रियांची वेगळी मीटिंग आहे का, हे आधी विचारावं. निघताना दोन-तीन फोन नंबर घ्या, तलफ रात्री अकरालाही येते. स्लिप झाली, म्हणजे मध्येच पुन्हा प्यायलात, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या. त्या खोलीतल्या बऱ्याच जणांचं तसं झालेलं असतं.

आणि पहिल्यांदा एकट्याने पायरी चढायचा धीर होत नसेल, तर एएच्या माणसांना फोनवर तसं सांगा. कुणीतरी नाक्यापर्यंत घ्यायला येतं.